विल्यम्सचं दुखणं २०१८च्या कितीतरी आधीचं

नमस्कार,

इतकी सविस्तर प्रतिक्रिया लिहिल्याबद्दल आधी आभार. फॉर्म्युला वनमधल्या विल्यम्स संघाच्या पडझडीवरचा माझा लेख तुम्हाला हळवा वाटला. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: नऊ वेळा कन्स्ट्रक्टर्स (म्हणजे संघांचं) विजेतेपद मिळवलेला संघ तळाला जातो तेव्हा दोष पैशांचा नसतो, चालवणाऱ्यांचा असतो. संस्थापक फ्रँक विल्यम्स यांनी हट्टापायी संघ इंजिन पुरवणाऱ्या बीएमडब्ल्यूला विकला नाही आणि त्यांची मुलगी क्लेअर विल्यम्स यांनी उरलंसुरलं घालवलं. मॅक्लारेनसारखा दुसरा जुना संघ सावरला, मग यांना का जमू नये? आणि कुटुंबच बाहेर पडलं तर ते नाव तरी कशाला ठेवायचं?

सुरुवात क्लेअर विल्यम्सपासून करतो, कारण सगळं खापर त्यांच्या डोक्यावर फुटताना मी वर्षानुवर्षं बघतोय आणि मला ते मान्य नाही. त्या उपप्रमुख झाल्या २०१३मध्ये. त्या हंगामात संघाला मिळाले पाच गुण आणि नववा क्रमांक. त्याच्या दोन वर्षं आधी, २०११मध्येही नेमके पाच गुण आणि नववा क्रमांकच होता. म्हणजे त्यांच्या हातात आला तो आधीच खंगलेला संघ. मधल्या २०१२मध्ये पास्टर माल्डोनाडोने स्पेनची शर्यत जिंकली खरी, पण त्यानंतर आजतागायत दुसरा विजय नाही. २०१९ची गाडी बार्सिलोनाच्या सरावाला दोन दिवसांहून अधिक उशिरा पोहोचली, ती जबाबदारी मात्र त्यांच्यावर येतेच, तिथे तुमच्याशी वाद नाही. फॉर्म्युला वनमध्ये गाडीच वेळेवर तयार नसणं ही साधी चूक नव्हे.

पण माझा खरा मतभेद वेगळा आहे. २०१४ आणि २०१५ ही क्लेअर यांच्या काळातली सोन्याची दोन वर्षं होती आणि त्यानंतर त्यांनी सगळं घालवलं, असं तुम्ही लिहिता. माझ्या मते संघाचं सर्वांत जास्त नुकसान याच दोन वर्षांनी केलं.

२०१४मध्ये टर्बो हायब्रिड इंजिनं आली आणि मर्सिडीजचं इंजिन बाकीच्यांच्या कितीतरी पुढे निघालं. मर्सिडीजच्या स्वतःच्या संघाने त्या वर्षी १९पैकी १६ शर्यती जिंकल्या. विल्यम्सने त्याच हंगामापासून ते इंजिन घेतलं, रेनॉ सोडून. सरळ रस्त्यावर हवेला कमी अडणारी गाडी आणि मागे सर्वांत ताकदवान इंजिन, असं जुळून आलं. ऑस्ट्रियात विल्यम्सच्या फेलिपे मासाने पोल, म्हणजे सर्वांत पुढून सुरुवात करायचा मान, मिळवला, शेजारी त्याचाच संघसोबती वाल्टेरी बोटास. त्या अख्ख्या हंगामात मासा आणि मर्सिडीजचे दोघे सोडले तर दुसऱ्या कुणालाही पोल मिळाला नाही. वर्षाअखेर ३२० गुण आणि तिसरा क्रमांक.

आता २०१५च्या दोन लागोपाठच्या शर्यती बघा. मोनॅको, जिथे वळणं हळू आहेत, इंजिनाच्या ताकदीला फारसा वाव नाही आणि चॅसी (गाडीचा सांगाडा) व डाउनफोर्स (गाडीला रस्त्यावर दाबून धरणारा हवेचा दाब) यांचीच कसोटी लागते: विल्यम्सच्या गाड्या चौदाव्या आणि पंधराव्या. दोनच आठवड्यांनी माँट्रियल, जिथे लांब सरळ रस्ते आहेत: बोटास तिसरा, पोडियमवर. पंधरा दिवसांत गाडी सुधारली नव्हती. ट्रॅक बदलला होता. मला तर या दोन निकालांत पुढची पाच वर्षं लिहिलेली दिसतात.

त्यापुढचे आकडे क्रमाने वाचा: २५७, १३८, ८३, ७. हे २०१५ ते २०१८चे गुण आहेत आणि चारही वर्षं इंजिन तेच, मर्सिडीजचं. इतरांची इंजिनं जवळ येत गेली तसतसं आत काय शिल्लक आहे ते उघडं पडत गेलं. उसन्या बळाने तिसरा क्रमांक मिळत असताना कारखान्यातल्या पद्धती जुन्या झाल्यात, गाडी बांधायची यंत्रणा मागे पडलीय, हे संचालक मंडळाला पटवून कोण देणार? तेव्हा पैसा येत होता, प्रायोजक होते. दुरुस्तीची वेळ तीच होती आणि नेमकी तीच निघून गेली.

हे मी हवेत बोलत नाही. जेम्स व्हावल्स २०२३मध्ये मर्सिडीजमधून संघप्रमुख म्हणून आले तेव्हा गाडीच्या सुमारे २०,००० सुट्या भागांचा हिशेब एका एक्सेल फाइलमध्ये ठेवला जात होता, हे त्यांनीच नंतर जाहीरपणे सांगितलं. कुठला भाग तयार झाला, कुठला अडला, कशाला किती वेळ लागेल, हे त्या फाइलवरून कळायचं नाही. मग २०२४च्या ऑस्ट्रेलियाच्या शर्यतीत काय झालं ते आठवा. शुक्रवारी संघाच्या अ‍ॅलेक्स अल्बनने गाडी भिंतीवर घातली, चॅसी तिथे दुरुस्त होण्यासारखी नव्हती आणि संघाकडे तिसरी चॅसी तयारच नव्हती. दुसरा ड्रायव्हर लोगन सार्जंट याची काही चूक नसताना त्याची गाडी अल्बनला दिली गेली आणि तो शर्यतीला मुकला. अल्बन अकरावा आला, एकही गुण नाही. त्या दिवशी मला सार्जंटसाठी फार वाईट वाटलं, अजूनही वाटतं.

आणि कृपया माणसं आळशी झाली होती असं म्हणू नका. २०१६मध्ये बाकूला याच संघाने मासाच्या गाडीचे चारही टायर १.९२ सेकंदांत बदलले. त्या हंगामात पिटस्टॉपमध्ये त्यांच्याइतकं चपळ कुणी नव्हतं. हातांत कसब होतं, त्याला पुरी पडणारी यंत्रणा नव्हती.

आता बीएमडब्ल्यू. तुम्ही याला हट्ट म्हणता. फ्रँक विल्यम्स आणि त्यांचे भागीदार, तांत्रिक प्रमुख पॅट्रिक हेड यांचा स्वभाव मोडेन पण वाकणार नाही असाच होता, हे खरं. पण तो निर्णय १९८८ लक्षात घेऊन वाचायला हवा. १९८६ आणि १९८७ची कन्स्ट्रक्टर्स विजेतेपदं होंडाच्या इंजिनावर जिंकली आणि लगेच होंडा मॅक्लारेनकडे गेली. १९८८मध्ये विल्यम्सला एकही विजय नाही. पुढच्या वर्षी रेनॉ आली आणि १९९२मध्ये नायजेल मॅन्सेल विश्वविजेता. इंजिनवाला जातो, दुसरा येतो, गाडी आपण बांधायची: हा धडा त्यांनी स्वतः जगून घेतला होता. २००३मध्येसुद्धा फेरारीच्या १५८ गुणांसमोर त्यांचे १४४ होते. अशा माणसाने २००५मध्ये मालकी सोडावी ही अपेक्षा आज करणं सोपं आहे.

धडा मात्र जुना झाला होता, कारण तोवर रेनॉ, टोयोटा आणि होंडा स्वतःचे संघ घेऊन उतरत होत्या. त्या अर्थाने निर्णय महागात पडला. पण विकला असता तर संघ तरला असता का? बीएमडब्ल्यूने मग झाउबर घेतला, २००८मध्ये कॅनडात एक शर्यत जिंकली आणि २००९च्या अखेरीस निघून गेली. पेटर झाउबर यांना आपला संघ परत घ्यावा लागला. विल्यम्सचंही तेच झालं असतं अशी मला भीती वाटते.

तुम्हाला दोष शोधायचाच असेल तर १९९६कडे बघा. डेमन हिल विश्वविजेता होत असतानाच त्याला काढायचं ठरलं आणि ड्रायव्हरच्या निवडीत ज्यांना विचारायचं ठरलं होतं त्या गाडीचे डिझायनर एड्रियन न्यूई यांना डावललं गेलं. न्यूई मॅक्लारेनला गेले. १९९७चं विजेतेपद, जाक व्हिलनव्हचं, हे विल्यम्सचं आजवरचं शेवटचं. १९९८मध्ये मिका हॅकिनेन मॅक्लारेनमधून जिंकला. बीएमडब्ल्यूला नाही म्हणण्यापेक्षा न्यूईंना जाऊ देणं मला अधिक मोठं वाटतं.

मॅक्लारेनची तुलना थोडक्यात: त्यांच्यामागे बहरीनच्या सरकारी गुंतवणूक कंपनीचं भांडवल होतं, आणि तरीही २०१५च्या नवव्या क्रमांकापासून २०२४च्या विजेतेपदापर्यंत नऊ वर्षं गेली. विल्यम्सला बाहेरचा मालक, डोरिल्टन कॅपिटल, ऑगस्ट २०२०मध्ये मिळाला. त्या वर्षी संघाला एकही गुण मिळाला नाही. २०२५मध्ये तोच संघ १३७ गुणांसह पाचवा आला आणि कार्लोस साइन्झने बाकूला पोडियम मिळवला. वेळापत्रक मला तरी वाईट दिसत नाही.

राहता राहिलं नाव. डोरिल्टनने १५२ दशलक्ष युरो मोजून संघ घेतला, त्यांना हवं ते नाव देता आलं असतं. त्यांनी विल्यम्स ठेवलं आणि गाड्यांच्या क्रमांकाआधीची फ्रँक विल्यम्स यांची ‘एफडब्ल्यू’ ही अक्षरंही ठेवली. इंग्लंडमधल्या ग्रोव्हच्या कारखान्यात या पडत्या काळातही टिकून राहिलेली माणसं आहेत. ती शून्य गुणांच्या वर्षीही याच नावाची गाडी बांधत होती. ते नाव आज त्यांचं आहे, म्हणून ते बदलावं हे मला पटत नाही.

२००३च्या टायरच्या वादाबद्दल तुम्ही जाता जाता विचारलंय. हंगेरीच्या शर्यतीनंतर विल्यम्सचा माँटोया फेरारीच्या मायकेल शूमाकरपेक्षा फक्त एका गुणाने मागे होता, तेव्हा तो विषय मोठा आहे. त्यावर स्वतंत्रपणे लिहीन.