खांबाजवळची खुर्ची

माझी मान आपोआप हलते. समोर बसून कुणी सलग बोलायला लागलं, की दर दोन वाक्यांनी ती खालीवर होते. त्यात सहमती नसते, समज तर नसतेच नसते. बोलणाऱ्याला वाईट वाटू नये, एवढाच तिचा हेतू. घरात या मानेचा त्रास घरच्यांना होतो. 'तू तेव्हा हो म्हणालास' या वाक्याने सुरू झालेली भांडणं मोजायची मी केव्हाच सोडून दिली. पण विद्यापीठाच्या सार्वजनिक व्याख्यानमालेत ही मानही सार्वजनिक होईल, असं काही मला वाटलं नव्हतं.

व्याख्यानमाला तीन गुरुवारांची: अर्थ, राज्य आणि समाज. खाली लिहिलं होतं, 'प्रवेश विनामूल्य. सर्वांचे स्वागत.' या दोन वाक्यांना मी कायम फसतो. अर्थशास्त्रवाले सांगतात, की फुकट असं काही नसतं. त्याच वेळात दुसरं जे उत्तमातलं उत्तम करता आलं असतं, ते हुकणं हीच खरी किंमत. आता संध्याकाळी सहा ते साडेसात या वेळात मी उत्तमातलं उत्तम जे करतो, ते म्हणजे डुलकी. आणि ती सभागृहातही काढता येते. म्हणजे खर्च शून्य. हा हिशेब मनाशी पक्का करून मी गेलो.

विद्यापीठाचं सभागृह मागून भरतं. मी पंधरा मिनिटं आधी पोचलो, तरी मागच्या चार रांगा गेलेल्या. त्यातही मोलाच्या जागा खांबाआडच्या. तिथे मुरलेले श्रोते बसतात. त्यांची बैठकच वेगळी: पिशवी मांडीवर, हात पिशवीवर, हनुवटी छातीवर. मला खुर्ची हवी होती खांबाच्या मागची आणि मिळाली खांबाच्या पुढची. मागे पांढराशुभ्र खांब, पुढे मी. पासपोर्टच्या फोटोत दिसतो तसा.

अध्यक्षांनी 'आजच्या वक्त्यांना परिचयाची गरज नाही' असं सांगून बारा मिनिटं परिचय करून दिला. मग मॅडम उभ्या राहिल्या. पडद्यावर पहिली स्लाइड आली आणि तिच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी खाली, बारीक अक्षरांत मला दिसलं: १/८७.

जाणत्या माणसाने स्लाइडवरचं बाकी काही वाचू नये, तो कोपरा तेवढा वाचावा. कार्यक्रम ९० मिनिटांचा. १२ परिचयात गेली, २० प्रश्नोत्तरांची, उरली ५८. म्हणजे एका स्लाइडला बरोबर ४० सेकंद. पहिल्या स्लाइडवर नुसतं शीर्षक होतं आणि ती सहा मिनिटं चालली. मी मनातल्या मनात घरी फोन करून टाकला.

विषय होता विषमता. मॅडम बोलत चांगल्या होत्या, हे आधीच कबूल करतो. माझी तक्रार माझ्या मानेबद्दल आहे. त्यांनी जिनी गुणांक समजावून सांगायला घेतला. कोर्राडो जिनी या इटालियन संख्याशास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडलेला हा आकडा. शून्य आला तर सगळ्यांना सारखं, एक आला तर सगळं एकाच्याच घरात. त्यासाठी आधी लोरेन्झ वक्र काढायचा. लोकांना सगळ्यांत गरिबापासून सगळ्यांत श्रीमंतापर्यंत रांगेत उभं करायचं आणि कितव्या माणसापाशी एकूण उत्पन्नातला किती वाटा जमला, ते मांडत जायचं. सगळे सारखे असले तर तिरपी सरळ रेघ येते. नसले तर रेघेला पोट सुटतं. जितकी विषमता जास्त, तितकं पोट मोठं. मॅडमनी ते पोट हवेत हाताने काढून दाखवलं. मला ते खरोखर कळलं, आणि कळल्याच्या आनंदात मान जरा जास्तच जोरात हलली.

तिथे त्यांनी मला पाहिलं. बुडणाऱ्याने ओंडका पाहावा तसं.

अ‍ॅडम स्मिथचंही असंच होतं. तो ग्लासगोला शिकवायचा तेव्हाची त्यानेच सांगितलेली आठवण त्याच्या चरित्रात आहे. एक विद्यार्थी सबंध सत्रभर खांबापुढे बसायचा. चेहरा साधाच, पण बोलका. तो पुढे झुकला की स्मिथ समजायचा, वर्ग ऐकतोय. तो मागे रेलला की समजायचं, बिनसलं, आता विषय तरी बदलायला हवा नाहीतर सांगण्याची तऱ्हा. अर्थशास्त्राच्या आद्यपुरुषाची शिकवणी अशी एका पोराच्या पाठीच्या कण्यावर उभी होती. इतिहासात नोंद मात्र खांबाची झाली. पोराचं नाव राहूनच गेलं.

त्या पोराचं दुःख मला विसाव्या स्लाइडच्या सुमाराला समजलं. दीपगृहाचा दिवा एकाने लावला तरी उजेड सगळ्या जहाजांना मिळतो आणि वर्गणी न देणाऱ्या जहाजाला अंधारात ठेवता येत नाही. म्हणून जो तो दुसऱ्याने दिवा लावायची वाट बघतो. अशा गोष्टीला अर्थशास्त्रात सार्वजनिक वस्तू म्हणतात आणि वाट बघणाऱ्यांना, साध्या मराठीत, फुकटे. सभागृहात जागं दिसणं ही अशीच सार्वजनिक वस्तू आहे. वक्त्याला एक चेहरा पुरतो. तो मी पुरवतोय म्हटल्यावर बाकीच्या ५९ जणांनी निर्धास्त डोळे मिटले. माझ्या उजेडात सगळे झोपले होते.

मान थांबवायला मी हनुवटीखाली मूठ दिली. त्याने मी विचारमग्न दिसायला लागलो. मॅडमनी वेग आणखी कमी केला.

एकतिसाव्या स्लाइडवर त्या थांबल्या, हसल्या आणि म्हणाल्या, "हा भाग मी खरं तर गाळणार होते. पण काहींना यात विशेष रस दिसतोय, म्हणून थोडं खोलात जाऊ." बोलल्या सभागृहाला, पाहिलं माझ्याकडे. खांबाच्या मागून कुणीतरी असा सुस्कारा सोडला, की माझ्या कानाला वारा लागला.

उठून जावं, असं मनात आलं नाही असं नाही. अल्बर्ट हर्शमन यांनी १९७० मध्ये मांडलंय, की एखाद्या संस्थेवर नाराज झालेल्यापुढे दोन वाटा असतात: चालू पडायचं, नाहीतर तोंड उघडायचं. यात गुडघ्यांचा विचार झालेला नाही. माझ्या डावीकडे सात जणांचे चौदा गुडघे होते आणि उजवीकडे अकरा जणांचे बावीस. त्यात खुर्च्या मिटणाऱ्या. माणूस उठला की बैठक मागे 'फाट्' करून आपटते, आणि मग आख्खं सभागृह जागं होऊन बघतं की लोकशाहीला कंटाळलेला हा कोण. मी पहिली वाट सोडून दिली. दुसरीसाठी प्रश्नोत्तरांपर्यंत थांबणं भाग होतं.

प्रश्नोत्तरं सुरू झाली तेव्हा साडेसात केव्हाच वाजून गेले होते. पहिले गृहस्थ माइक हातात आल्यावर म्हणाले, "माझा प्रश्न नाही. मला थोडक्यात दोन मुद्दे मांडायचे आहेत." अनुभवी लोक इथे घड्याळ काढून ठेवतात. पहिल्या मुद्द्यात तीन उपमुद्दे निघाले, दुसऱ्याच्या पोटात त्यांची नोकरीतली तीस वर्षं निघाली. अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली. त्यांनी ती वाचली, घडी घालून खिशात ठेवली आणि पुढे गेले. माइकची पोरगी त्यांच्याजवळ हात पुढे करून उभी होती. उसने पैसे परत मागायला आल्यासारखी दिसत होती बिचारी.

मला करायला काही नव्हतं, म्हणून कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर मी वेळेचं वाटप मांडलं. २० मिनिटांत पाच जण बोलले: एक, एक, दोन, तीन आणि १३ मिनिटं. नुकताच शिकलेला गुणांक काढला. त्या पाच जणांपुरता तो ०.५२ आला. मग वाटलं, बाकीच्यांचं काय? ज्यांना माइक मिळालाच नाही, ते ५५ शून्यं धरून सबंध ६० जणांचा काढला. तो आला ०.९६. सभागृह तेच, गृहस्थ तेच. मोजताना कुणाला धरलं आणि कुणाला वगळलं, एवढाच काय तो फरक. ८७ स्लाइडमध्ये निसटलं असतं ते या गृहस्थांनी १३ मिनिटांत शिकवलं. त्यांचा मी ऋणी आहे, पण हे त्यांना कुणी सांगू नये.

दुसऱ्या गुरुवारी राज्यशास्त्र. मी उशिरा गेलो. रिकामी खुर्ची एकच होती आणि कोणती, ते सांगायला नको. सरांच्या भाषणात अवकाश फार होता: लोकशाहीचा अवकाश, संवादाचा अवकाश, प्रतिकाराचा अवकाश. फक्त मागच्या रांगांमध्ये नव्हता. स्लाइड एकही नसल्यामुळे कोपराही नव्हता आणि किती उरलंय ते कळायला मार्ग नव्हता. भाषण संपलं तेव्हा कुणाच्या लक्षातच आलं नाही. अध्यक्षांनी 'प्रश्न?' असं विचारलं आणि शांतता पसरली.

अशी शांतता इतिहासात १९३१ मध्ये केंब्रिजला पसरली होती. फ्रीडरिश हायेक यांनी मंदीवर भाषण दिलं, फळा त्रिकोणांनी भरून टाकला आणि पुढे कुणी बोलेचना. शेवटी रिचर्ड कान हा तरुण अर्थशास्त्रज्ञ कोंडी फोडायला उठला. म्हणाला, उद्या मी जाऊन नवा ओव्हरकोट घेतला तर बेकारी वाढेल, असं तुमचं म्हणणं आहे का? हायेक म्हणाले, हो; आणि त्रिकोणांकडे बोट करून म्हणाले, पण का, ते सांगायला फार लांब गणित मांडावं लागेल. शहाण्यांनी यातून धडा घेतला असता. मला मात्र शांतता सोसत नाही. मानेचा आणि जिभेचा मालक एकच आहे.

"सर," मी विचारलं, "उद्या मी मत द्यायला गेलोच नाही, तर काही फरक पडेल का?"

सर म्हणाले, "चांगला प्रश्न आहे." हे तीन शब्द ऐकले की खुर्चीत नीट सावरून बसावं. उत्तर १९ मिनिटं चाललं. एका मताने निकाल फिरण्याची शक्यता जवळजवळ नाही, मग मतदार घरीच का बसत नाहीत, हे कोडं अँथनी डाउन्स यांनी १९५७ मध्ये घातलं. त्यावर कुणी म्हणतं कर्तव्य, कुणी म्हणतं सवय, कुणी म्हणतं चारचौघांत बरं दिसत नाही. मला तिसरं पटलं. माझी मानही त्याच कारणाने हलते. तेवढ्यात ती हललीच, आणि सरांनी चौथं कारण सांगायला घेतलं.

बाहेर पडताना जिन्यात माझ्याशी कुणी बोललं नाही.

तिसऱ्या गुरुवारी, समाजशास्त्राच्या दिवशी, मी दारातून आत शिरतोय तोच मागच्या रांगेतल्या एका आजोबांनी हात केला. "या, या. तुमची जागा धरून ठेवलीय." खांबाच्या बरोब्बर मागची खुर्ची, वर त्यांचा रुमाल. आजूबाजूचे चार-पाच जण माझ्याकडे बघून प्रेमाने हसले. खांबापुढच्या खुर्चीवर कुणाची तरी छत्री आडवी टाकलेली होती. खटल्याचा निकाल माझ्या गैरहजेरीत लागला होता, पण शिक्षा मला मंजूर होती. मी रुमाल परत केला, पिशवी मांडीवर घेतली, हात पिशवीवर, हनुवटी छातीवर. समाजशास्त्राचा आवाज खांबाला वळसा घालून येत होता, त्यामुळे त्याची धार गेली होती. मान हलत होती, पण ती बघायला फक्त खांब होता.

डोळा लागला असावा. जाग आली ती वक्त्यांच्या आवाजात काहीतरी बदललं म्हणून. ते वाक्य अर्धं सोडून थांबले होते. मग घसा साफ करून म्हणाले, "तुमच्या चेहऱ्यांवरून वाटतंय, की माझी मांडणी नीट पोचलेली नाही. हरकत नाही. आपण पुन्हा पहिल्यापासून पाहू."

मागच्या चार रांगा एकदम माझ्याकडे वळल्या. आजोबांनी वाकून छत्री उचलली, माझ्या पाठीवर हात ठेवला आणि हळूच म्हणाले, "उठा. पुढे जाऊन बसा."