किलेवेंटचं घर नेमकं कधीचं? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. प्रतिक्रिया जरा चिडून लिहिलीय तुम्ही, पण मुद्दे दमदार आहेत म्हणून सविस्तर लिहितोय. तुमचं म्हणणं असं की वेल्समधल्या किलेवेंट फार्महाऊसला मी लेखात 1470 चं म्हणतो आणि फोटोखाली 1734 लिहितो, एकदाच काय ते ठरवा. शिवाय माणसं आणि गुरं एका छपराखाली राहायची यात कौतुक कसलं, ती तर गरिबी. आणि तिसरं, मूळ जागेवरून उचलून कार्डिफजवळच्या सेंट फॅगन्स म्युझियममध्ये उभं केलेलं घर म्हणजे सिनेमाचा सेट.

तारखांचं आधी. दोन्ही बरोबर आहेत. 1470 च्या सुमाराला तिथे ओकच्या लाकडाचं घर होतं, आणि 1734 मध्ये ते बरंचसं दगडात नव्याने बांधलं. आता हे जमलं कसं ते बघा, कारण खरी मजा तिथेच आहे. या जुन्या घरांत क्रक नावाचा प्रकार असतो, म्हणजे नैसर्गिक वाक असलेलं ओकचं झाड निवडायचं, ते उभं चिरायचं आणि ते दोन भाग समोरासमोर उभे करून वर टोकाला जोडायचे, की झाली कमान. अशा दोन-चार कमानी ओळीने उभ्या केल्या की छपराचं सगळं वजन त्यांच्यातून सरळ जमिनीत जातं, भिंतीवर काही येतच नाही. भिंत फक्त वारापाऊस अडवायला. म्हणून अडीचशे वर्षांनी लाकडी भिंती खराब झाल्या की त्या काढून दगडाच्या घालता येतात आणि आतला सांगाडा तसाच ठेवता येतो. वेल्समध्ये 17व्या-18व्या शतकात अशी कितीतरी घरं बाहेरून दगडी झाली. आपल्याकडे आजोबांच्या मातीच्या घराला मुलगा विटांच्या भिंती घालतो तसंच, मग ते घर कोणाच्या काळातलं म्हणणार तुम्ही?

आणि लाकडाचं वय कोणी अंदाजाने सांगत नाही हो. ओक ओला असतानाच वापरायचे, सुकला की त्याला करवत लावणं जिवावर येतं. त्यामुळे तुळईवर सालीलगतची शेवटची रिंग (झाडाची वर्षागणिक वाढणारी वर्तुळं असतात ना, त्यातली) शाबूत असेल तर झाड कोणत्या वर्षी तोडलं ते कळतं आणि घर त्यानंतर लगेचच उभं राहिलं असं धरता येतं. त्याच म्युझियममध्ये डेनबीशायरहून आणलेलं एक क्रकचं घर आहे, ते आधी 15व्या शतकातलं समजायचे, रिंगा मोजल्यावर निघालं 1508.

आता गरिबी. इथे मात्र मला अजिबात पटलं नाही. किलेवेंट होतं रायडर गावाजवळ, क्लायरवेनच्या खोऱ्यात, चढाचा आणि पावसाचा मुलूख. तिथे भात-गहू नाही, गुरं हीच मालमत्ता, वेल्सची काळी गुरं हाकत हाकत पार लंडनच्या स्मिथफील्डच्या बाजारापर्यंत नेऊन विकायचे लोक. अशी मालमत्ता हिवाळ्यात रात्री बाहेर कोण ठेवेल? अशी लांब घरं बहुतेक उतारावर बांधायची, वरच्या अंगाला माणसं आणि चूल, खालच्या अंगाला गोठा, म्हणजे मूत-शेण खालीच वाहून जातं. दार एकच, मधल्या बोळातून आत गेलं की एका हाताला माणसं, दुसऱ्या हाताला जनावरं, त्या बोळातूनच वैरण टाकायची, पावसात बाहेर जायला नको. हे विचार करून केलेलं काम आहे. खरा गरीब माणूस 1470 मध्ये ओकच्या कमानी उभ्या करूच शकत नव्हता, त्याचं घर मातीचं नाहीतर गवताच्या ढेकळांचं असायचं आणि ते कधीच पावसात विरघळून गेलं. म्हणून म्युझियममध्ये कार्मार्थनशायरहून आणलेलं मातीच्या भिंतींचं नँट वॉल्टरचं झोपडं आहे ना, 1770 च्या सुमाराचं, ते मला मोठ्या घरांपेक्षा जास्त मोलाचं वाटतं. गरिबी बघायची असेल तर तिथे जा.

राहिला सेटचा मुद्दा. अर्धा मान्य. किलेवेंटमधलं सामान 1750 च्या आसपासचं मांडलंय, तो म्युझियमने निवडलेला काळ, आणि गोठ्याला गोठ्याचा वास नाही, म्हणजे अर्धं घर गायबच. पण हे म्युझियम 1948 ला सुरू झालं ते स्टॉकहोमचं स्कान्सेन हे उघड्यावरचं म्युझियम डोळ्यासमोर ठेवून, आणि त्यामागचा माणूस यॉरवर्थ पीट हा सुताराचा मुलगा, त्याला किल्ले-राजवाडे नको होते, शेतकऱ्याची आणि कारागिराची घरं हवी होती. तो काळ बघा, त्याच क्लायरवेनच्या खोऱ्यात बर्मिंगहॅम शहराच्या पाण्यासाठी धरण बांधत होते, ते 1952 ला पुरं झालं. किलेवेंट तिथून हलवून 1959 ला इथे उभं राहिलं. जागेवरच राहायला हवं होतं हे तुमचं म्हणणं तत्त्वाला धरून आहे, पण जागेवर राहिलेली अशी बरीच घरं आज कुणाची तरी राहती घरं आहेत, गोठ्याचं किचन झालेलं, आणि तिथे तुम्हाआम्हाला दार उघडून आत कोण घेणार? सेंट फॅगन्सला प्रवेश फुकट आहे, पार्किंगचे तेवढे पैसे पडतात. गेलात तर आत शिरल्यावर आधी वर बघा, भिंतीकडे नंतर.