मामाची ठासणी आणि १८९८ सालचा फॉरवर्ड

आमचा मामा दर निवडणुकीला आपली ठासणीची, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू ठासून भरायची बंदूक गोधडीत गुंडाळून पोलीस ठाण्यात जमा करून येतो. रानडुकरांसाठी घेतलेला शेतीसंरक्षणाचा परवाना आहे त्याचा. अशा माणसाने परवा फोन करून विचारावं, ‘काय रे, जुन्या बंदुकीला लायसन लागत नाही म्हणतात. मग कुरियरने विकून टाकू?’

मेसेज तुम्हालाही आला असेल. १८९८ पूर्वीची किंवा त्या धर्तीची बंदूक ‘अँटिक’, परवाना नको. ठासणीची बंदूक कायद्याने शस्त्रच नाही. पार्सलवर ‘शोभेची वस्तू’ लिहा आणि घरपोच पाठवा. परदेशी शौकीन लाखो मोजतात. खाली तिरंगा.

हे १८९८ आलं कुठून? अमेरिकेच्या १९६८ च्या गन कंट्रोल अ‍ॅक्टमधून. १८९८ पर्यंत बनलेल्या बंदुका आणि आधुनिक काडतूस न घेणाऱ्या त्यांच्या प्रतिकृती तिथे ‘अँटिक’ धरतात. तिथेही राज्याराज्यांचे नियम निराळे आहेत. त्या कायद्याचा मामाच्या रत्नागिरीशी काय संबंध?

आपल्याकडे शस्त्र अधिनियम १९५९ चालतो आणि त्याचं कलम १३ वाचलं तर मेसेजमधला ‘ठासणीची बंदूक शस्त्रच नाही’ हा मुद्दा तिथेच संपतो. पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा परवाना कसा द्यायचा, हे त्यात नाव घेऊन लिहिलंय. शस्त्रच नसेल तर परवाना कसला? मामा, तुझ्या खिशातला कागद काय लग्नपत्रिका आहे?

एक गोष्ट मान्य करावी लागेल. कलम ४५ मध्ये जुनाट घडणीच्या, पुराणवस्तू म्हणून मोल असलेल्या किंवा मोडक्या शस्त्रांना सूट आहे. पण अट अशी, की ते दुरुस्त करूनही बंदूक म्हणून वापरता येऊ नये. दिवाणखान्यातली गंजून एकजीव झालेली तोड्याची बंदूक कदाचित यात बसेल. मामाच्या बंदुकीने गेल्या वर्षी बार काढलाय.

आता कुरियर. इथे मला खरा राग येतो. खोटं लिहून बंदूक पाठवायची, म्हणजे ती उचलणाऱ्या दहा-बारा हजार पगाराच्या पोराच्या गळ्यात प्रकरण बांधायचं. शिवाय ठासणीच्या बंदुकीत जुना बार तसाच राहिलेला असू शकतो. नळीच्या तळाशी बसलेली काळी दारू कोरडी असेल तर कित्येक वर्षांनीही पेटते, आणि बाहेरून काही कळत नाही. असं पार्सल टेम्पोत आदळत-आपटत जाणार, कुणाच्या तरी घरी मुलं ते उघडणार. मेसेज लिहिणाऱ्याचं काय जातं?

आणि विनापरवाना विक्रीची शिक्षा? २०१९ च्या दुरुस्तीनंतर किमान सात वर्षं, कमाल जन्मठेप. विकायला मांडली तरी तेच कलम.

परदेशी शौकिनांचं तर हसूच येतं. शंभर वर्षांवरची ऐतिहासिक वस्तू १९७२ च्या पुरावशेष कायद्यात येते आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर पाठवता येत नाही. म्हणजे बंदूक जितकी जुनी म्हणून सांगाल, तितके जास्त अडकाल.

मामाला विकायचीच असेल तर वाट आहे. घेणाराही परवानाधारक हवा. त्याचं नाव-पत्ता आणि विकण्याचा इरादा जिल्हा दंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवायचा, आणि मग किमान ४५ दिवस थांबायचं. कंटाळवाणं आहे, मान्य. पण ठाण्याची वाट मामाच्या पायाखालचीच आहे.

‘म्हणजे लाख नाहीत?’ मामाने शेवटी विचारलं. नाहीत. आणि तो मेसेज मामीच्या भिशीच्या ग्रुपवर टाकला होतास, तो आधी पुसून टाक.