फादर हेरास आणि ‘दडपलेली’ सिंधू लिपी

मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयातील स्पॅनिश जेझुइट (येशूसंघ या ख्रिस्ती संघाचे धर्मगुरू) इतिहासकार फादर हेन्री हेरास (1888–1955) यांच्याविषयीचा एक मजकूर पुन्हापुन्हा पुढे पाठवला जातो. हेरास यांनी सिंधू लिपी संपूर्ण वाचली आणि तिची भाषा द्राविड असल्याचे सिद्ध केले, इंग्रजांनी तो शोध दडपला, आणि याच एका ध्यासात त्यांचे आयुष्य सरले, असे त्यात म्हटले आहे. हेरास यांच्याविषयी मला नितांत आदर आहे आणि म्हणूनच हे दावे तपासणे मला आवश्यक वाटते.

पहिला दावा वाचनाचा. हेरास यांनी सिंधू संस्कृतीच्या मुद्रांवरील लेखांचे द्राविड भाषेच्या आधारे वाचन प्रसिद्ध केले, हे खरे. परंतु वाचन मांडणे आणि ते सिद्ध होणे यांत फार मोठे अंतर आहे. सिंधू लेख सरासरी पाचेक चिन्हांचे आहेत आणि ज्ञात भाषेतील मजकुराशी जोडलेला एकही द्वैभाषिक लेख अद्याप सापडलेला नाही, त्यामुळे कोणतेही वाचन पडताळून पाहण्याची सोयच नाही. त्यांची एक कल्पना मात्र टिकून राहिली आणि ती खरोखर तेजस्वी आहे. तमिळसारख्या द्राविड भाषांत ‘मीन’ म्हणजे मासा आणि ‘मीन’ म्हणजे ताराही. तेव्हा माशाचे चिन्ह ताऱ्यासाठी वापरले असावे, असे त्यांनी सुचवले. पुढे फिनलंडचे अभ्यासक आस्को पार्पोला यांनी हाच धागा धरून, माशाआधी येणाऱ्या सहा आणि सात रेघांचा संबंध अनुक्रमे कृत्तिका (सहा तारे) व सप्तर्षी (सात तारे) यांच्याशी जोडला. तरीही पार्पोला यांचे प्रतिपादनही सर्वमान्य झालेले नाही.

दडपल्याचा दावा तर तारखांपुढेच टिकत नाही. सिंधू संस्कृतीची भाषा द्राविड असू शकेल, ही शक्यता 1931 मध्ये खुद्द ब्रिटिश भारताच्या पुरातत्त्व खात्याचे प्रमुख राहिलेल्या जॉन मार्शल यांच्या मोहेंजोदडोवरील ग्रंथात मांडली गेली होती, मग इंग्रज सरकारला तिचे भय कशाचे? हेरास यांचा या विषयावरील मोठा ग्रंथ 1953 मध्ये, म्हणजे स्वतंत्र भारतात, त्यांच्याच संस्थेकडून मुंबईत प्रसिद्ध झाला. 1981 मध्ये भारतीय टपाल खात्याने त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

याच एका ध्यासात त्यांचे आयुष्य सरले, हा शेवटचा दावा मला सर्वांत अन्यायकारक वाटतो, कारण त्यापायी त्यांचे भक्कम काम झाकले जाते. 1922 मध्ये मुंबईत आलेल्या या अध्यापकाने 1926 मध्ये भारतीय इतिहासाच्या संशोधनासाठी संस्था उभारली आणि पुढच्याच वर्षी विजयनगर साम्राज्याच्या अरविडू या शेवटच्या राजघराण्यावरील ग्रंथ प्रसिद्ध केला. 1565 च्या तालिकोटच्या लढाईने ते साम्राज्य एका दिवसात संपले नाही, पेनुकोंडा व चंद्रगिरी या नंतरच्या राजधान्यांतून ते पुढेही चालले, हे त्यांनी शिलालेख, ताम्रपट आणि जेझुइटांची पत्रे एकमेकांसमोर ठेवून दाखवले. एका ख्रिस्ती संन्याशाने आपल्याच संघाच्या कागदपत्रांतून हिंदू राजघराण्याचा इतिहास बांधला, ही गोष्ट कुठल्याही दडपशाहीच्या कथेपेक्षा मला अधिक मोलाची वाटते. 1929 मध्ये त्यांनी गोव्यातील चांदोर येथे उत्खनन करून प्राचीन शिवमंदिराचा पाया उजेडात आणला. गोव्याच्या कदंब राजघराण्यावर ग्रंथ लिहिणारे जॉर्ज मोराइस हे त्यांचेच शिष्य. 1931 च्या त्या ग्रंथाला हेरास यांची प्रस्तावना आहे.