‘50 पाउंडची लाइन, सातातले पाच मासे सुटले’: तुमच्या परीक्षणाला मालकाचं उत्तर

नमस्कार,

तुमचं परीक्षण दोनदा वाचलं, सोबतचे फोटोही मोठे करून पाहिले. बाकीच्यांना कळावं म्हणून तुमची तक्रार आधी थोडक्यात मांडतो. तुम्ही आमच्याकडून 50 पाउंडची ब्रेडेड (बारीक धाग्यांची विणलेली) लाइन घेतलीत आणि मिशिगन सरोवरावर सॅमन ट्रोलिंगसाठी, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढत सॅमन धरण्यासाठी, चारही रिळांवर भरलीत. दोन फेऱ्यांत सात मासे लागले, त्यातले पाच सुटले. डाउनरिगरच्या (केबलला बांधलेल्या जड गोळ्याने लाइन खोल नेणाऱ्या यंत्राच्या) क्लिपमधून लाइन सारखी घसरत होती. रॉडच्या टोकाशी कापसासारखा चिकट गोळा जमत होता, तो लाइनचं कोटिंग सुटल्यामुळे, असं तुमचं म्हणणं. आणि मोनो, म्हणजे एकसंध नायलॉनच्या साध्या लाइनबद्दल, शेवटी लिहिलंत, ‘जुनी मोनोच बरी होती. महाग माल गळ्यात मारायचा म्हणून ब्रेडेड सुचवली.’

आमची चूक आधी कबूल करतो. तुम्ही फोन केलात तेव्हा किती खोल ट्रोल करता हे विचारलं, मासा केवढा लागतो हे विचारलं. चारपैकी किती रॉड डाउनरिगरवर आणि किती डायव्हरवर (लाइनलाच बांधलेल्या, पाण्यात खाली शिरणाऱ्या चकतीवर), हे मात्र विचारलंच नाही. तो पहिला प्रश्न असायला हवा होता. विचारला असता तर दोन रिळांपुरती ब्रेडेड आणि दोन रिळांपुरती मोनो पाठवली असती, आणि तुमचं बिल उलट कमी झालं असतं. गळ्यात मारण्याचा हेतू नव्हता, पण अर्धवट सल्ला दिला हे खरं.

आता मासे का सुटले त्याकडे येऊ. तुम्ही विचारलंत, ‘50 पाउंडची लाइन असून मासा सुटतोच कसा?’ तुमच्याच लिहिण्यात उत्तर आहे: पाचपैकी एकदाही लाइन तुटलेली नाही. गळ मोकळा परत आला. म्हणजे माशाचं तोंड फाटलं. सॅमनचं तोंड तसं नाजूकच, त्यातल्या कोहो जातीचं तर फारच. मोनो तुटेपर्यंत ताणली तर साधारण 20 ते 30 टक्के लांबते, आणि तुटायच्या कितीतरी आधीपासून ती रबरासारखी देते-घेते. ब्रेडेड जेमतेम 3-4 टक्के. ट्रोलिंगमध्ये बोट ताशी दोन-अडीच मैलांनी पुढे चाललेली असते, रॉड होल्डरमध्ये रोवलेला असतो, हात सैल सोडायला तिथे कोणी नसतं. अशा वेळी मासा उलट दिशेला वळला की बोटीचा वेग आणि त्याची धाव दोन्ही मिळून जो हिसका बसतो, तो मोनो निम्माशिम्मा गिळून टाकते. ब्रेडेड तो जसाच्या तसा गळापर्यंत पोचवते.

यात भर पडली ड्रॅगची, म्हणजे रिळाच्या ब्रेकची. लाइनच्या ताकदीच्या पाव भाग ड्रॅग ठेवावा, हा हिशेब सगळ्यांच्या तोंडी असतो. जुन्या 20 पाउंडच्या मोनोवर तो 5 पाउंड येतो, छान चालतो. तोच हिशेब 50 वर लावला तर साडेबारा पाउंड! एवढ्या ताणावर सॅमनच्या जबड्यात गळ टिकणं अवघडच. (तुम्ही नेमका किती ठेवला होतात माहीत नाही, पण ‘घट्ट करूनही सुटले’ या तुमच्या वाक्यावरून अंदाज बांधतोय. घट्ट केल्यामुळेच सुटले असावेत.) ब्रेडेडच्या डबीवरचा आकडा ड्रॅग लावायला वापरायचाच नाही. ड्रॅग लीडर (गळाआधीचा लाइनचा शेवटचा तुकडा) बघून आणि माशाचं तोंड बघून लावायचा. साधा स्प्रिंगचा काटा लाइनला अडकवून ओढून बघा. 3 ते 4 पाउंडांवर रीळ फिरायला लागलं पाहिजे, आणि सुरुवातीला अडखळता कामा नये. मासा लागल्यावर हवं तर थोडं वाढवता येतं.

क्लिपचं दुखणं वेगळं आहे आणि त्यात तुमचा काही दोष नाही. मिशिगन सरोवरात कोहो सोडले 1966 साली आणि चिनूक ही सॅमनची दुसरी जात त्याच्या पुढच्या वर्षी. तिथलं सगळं ट्रोलिंग त्यानंतर वाढलं, आणि ते वाढलं मोनोवर. आजची पॉलिइथिलीनची ब्रेडेड आली 1990 च्या दशकात. म्हणजे चिमट्यासारख्या क्लिपा, त्यांचे रबरी पॅड, डाउनरिगरचे मऊ, कमानीसारखे वाकणारे रॉड, हे सगळं ताणल्या जाणाऱ्या जाड लाइनला धरून घडलेलं आहे. 50 पाउंडची ब्रेडेड जाडीला साधारण 12 पाउंडच्या मोनोएवढी, वर गुळगुळीत. पॅडमध्ये ती पकड घेतच नाही. क्लिप आणखी आवळली तर मासा लागूनही ती सुटत नाही आणि लहान मासा तसाच मागे फरपटत येतो. लाइनला पाच-सहा पीळ देऊन तो फास क्लिपमध्ये घालतात, किंवा लाइनवर रबरबँडची गाठ मारून तो रबरबँड क्लिपमध्ये अडकवतात. दोन्ही चालतं. पण पहाटे मासे जोरात लागत असताना थंडीने गारठलेल्या बोटांनी रबरबँडशी झटापट करायची हौस मला तरी नाही.

म्हणून डाउनरिगरच्या रॉडवर तुमचं म्हणणं मला मान्य आहे: तिथे 20 किंवा 25 पाउंडची मोनोच बरी. तुम्हाला ब्रेडेड ठेवायचीच असेल तर पुढे मोनोचा तुकडा जोडा, आणि तो इतका लांब हवा की क्लिप मोनोवरच बसेल. डाउनरिगरच्या गोळ्यामागे 20 फूट लाइन सोडत असाल तर तुकडा किमान 30 फुटांचा हवा. जोडायला डबल युनी गाठ पुरते. एफजी गाठ जमत असेल तर उत्तम, ती रिंगांमधून अलगद सरकते. फोटोत फ्लॅशरच्या (आमिषापुढच्या चमकत्या पट्टीच्या) फिरत्या कडीला ब्रेडेड थेट क्लिंच गाठीने बांधलेली दिसली. ब्रेडेडवर क्लिंच घसरते, पालोमार घाला. आणि रिळावर ब्रेडेडच्या आधी मोनोचे काही फेरे घेतलेत ना? नाहीतर सगळा गठ्ठाच रिळावर गोल फिरतो आणि आपण उगाच ड्रॅगला दोष देत बसतो.

डायव्हरच्या दोन रॉडवर मात्र मी मागे हटणार नाही. तिथे ब्रेडेडच. डायव्हर खाली जातो तो पाण्याचा दाब वापरून, आणि लाइन जितकी जाड तितका पाण्याचा अडथळा जास्त. तेवढीच लाइन सोडून बारीक ब्रेडेडवर डायव्हर जास्त खोल जातो. दुसरं म्हणजे, 200 फूट लाइन बाहेर असताना डायव्हर पाडायला, म्हणजे त्याची पकड सोडवून तो सहज ओढता येईल असा करायला, झटका द्यावा लागतो. मोनोवर तो झटका वाटेतच ताणात विरून जातो, मग न पडलेला डायव्हर तसाच पाण्याविरुद्ध ओढत आणायचा आणि खांदे दुखवून घ्यायचे. लहान मासा लागला तर ब्रेडेडवर रॉडचं टोक लगेच सांगतं, मोनोवर अर्धा तास पत्ता लागत नाही. हिसक्यासाठी इथे वेगळा उपाय आहे. डायव्हरच्या मागे रबरी स्नबर लावायचा, त्याच्यामागे मोनोचा किंवा फ्लुरोकार्बनचा लीडर. मोनोची ताण खाण्याची जागा तो स्नबर घेतो. तो आम्ही तुमच्या ऑर्डरमध्ये सुचवायला हवा होता, तेही राहिलं.

आता तो कापसाचा गोळा. फोटो नीट पाहिला. ते कोटिंग नाही, ते जिवंत प्राणी आहेत. काटेरी पाणपिसू, इंग्रजीत स्पायनी वॉटर फ्ली. युरोप-आशियातून जहाजांच्या बॅलास्ट पाण्याबरोबर आलेली ही जात 1980 च्या दशकापासून ग्रेट लेक्समध्ये आहे. शरीर एवढंसं, शेपटीचा काटा मात्र लांबलचक आणि दातेरी, आणि तोच लाइनला अडकतो. एकात दुसरी गुंतत जाते आणि गोळा रॉडच्या टोकाच्या रिंगेत अडकला की रीळ फिरवणं मुश्कील होतं. बारीक लाइनवर त्या जास्त बसतात, म्हणून तुमच्या ब्रेडेडवर आल्या आणि जुन्या मोनोवर तुम्हाला इतक्या कधी दिसल्या नाहीत. उन्हाळ्याच्या उत्तरार्धात त्यांचा जोर असतो. तेव्हा डाउनरिगरवर 30 पाउंडची जाड मोनो लावणारे बरेच जण आहेत, आणि त्यांचं बरोबर आहे. तोवर लाइन गुंडाळताना मध्येमध्ये ओल्या फडक्यातून ओढून घ्या. एक विनंती: बोट दुसऱ्या तलावावर न्यायची असेल तर लाइन, जाळं, डाउनरिगरची केबल पुसून पूर्ण वाळवून मगच न्या. त्यांची अंडी याच वाटेने एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात जातात.

मोनोचं कौतुक करताना एक अडचणही सांगून ठेवतो. हंगामभर रिळावर बसली की तिची वळणं जात नाहीत, सुंभ जळला तरी पीळ जात नाही तसं. उन्हाने ती कमकुवतही होते. दर हंगामाला बदलायची तयारी ठेवा. ब्रेडेड बरीच वर्षं टिकते, आणि पुढचा भाग झिजला तर रिळावर उलटी भरून पुन्हा वापरता येते. पण हाताला गुंडाळून कधीही ओढू नका, बोट कापतं.

दोन डाउनरिगर रिळांवरची ब्रेडेड काढून तशीच परत पाठवा, वापरलेली असली तरी चालेल. तेवढ्या पैशांत दोन्ही रिळं भरतील एवढी 25 पाउंडची मोनो आणि दोन स्नबर पाठवतो, टपालखर्च आमचा. परीक्षणात दिलेले तारे बदलायची काही गरज नाही, तक्रारीतला बराच भाग खराच आहे. आमच्या ऑर्डरच्या फॉर्ममध्ये परवापासून ‘हा रॉड कशावर चालणार: डाउनरिगर, डायव्हर की प्लेनर बोर्ड?’ हा प्रश्न घातलाय, तुमच्यामुळे.

रिळांचा नमुना क्रमांक कळवा, म्हणजे प्रत्येकावर किती मोनो बसेल ते मोजून ठेवतो.