डब्यावरचे ६०० आणि तुमचे ९४

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: माझा लेख वाचून पॉवरलाइन अडॅप्टर (घरातल्या विजेच्या वायरीतूनच इंटरनेट नेणारी जोडी) घेतले, डब्यावर ६०० एमबीपीएस छापलंय, राउटरपाशी २०० मिळतात, पण मागच्या खोलीत दिवसा ९४ च्या वर आकडा सरकत नाही आणि संध्याकाळी ४० वर येतो. म्हणून हा प्रकारच फसवा. तुमचा राग पटतो, निष्कर्ष पटत नाही.

६०० हा वायरीवरच्या कच्च्या सिग्नलचा वेग, तोही जाण्यायेण्याचा मिळून. चुका दुरुस्त करण्यात आणि दोन्ही टोकांचा ताळमेळ राखण्यात त्यातला मोठा वाटा खर्च होतो, हाती निम्म्याहून कमीच लागतं. हे डब्यावर ठळक छापायला हवं. छापत नाहीत, याची चीड मलाही आहे.

पण तुमचे ९४ वेगळंच सांगतायत. विजेच्या वायरीवरचा वेग असा एका आकड्याला चिकटून बसत नाही, तो सतत वरखाली होतो. १०० एमबीपीएसच्या इथरनेट पोर्टमधून (नेटवर्क केबल खुपसायच्या खाचेतून) मात्र हेडरचा, म्हणजे डेटासोबत जाणाऱ्या पत्त्यासारख्या माहितीचा, भाग वजा जाता जास्तीत जास्त साधारण ९४ च बाहेर पडतात, आणि ६०० छापलेल्या बऱ्याच अडॅप्टरना पोर्ट १०० चाच असतो. म्हणजे दिवसा तुमची वायरिंग ठीक चाललीये, अडतोय तो पोर्ट. लॅपटॉपच्या नेटवर्क सेटिंगमध्ये लिंक स्पीड बघा. १०० दिसलं तर आधी केबल बदला, कारण केबलमधली एखादी जोडी तुटली तरी गिगाबिट (१००० एमबीपीएसचा) पोर्ट १०० वर उतरतो. तरी १०० च राहिलं, तर पोर्टच तेवढा आहे.

संध्याकाळचे ४० ही मात्र खरी पॉवरलाइनची अडचण. हे अडॅप्टर साधारण २ मेगाहर्ट्झपासून वरच्या फ्रिक्वेन्सीवर बोलतात, आणि मोबाइलचे चार्जर, एलईडी दिवे, डिमर त्याच पट्ट्यात गोंगाट करतात. त्यात तुम्ही लिहिलंय तसा अडॅप्टर लावलाय सर्ज प्रोटेक्टरच्या (विजेच्या झटक्यापासून वाचवणाऱ्या) बोर्डात! त्या बोर्डात फिल्टर असला, तर त्याच्या लेखी तुमचं इंटरनेटही गोंगाटच. अडॅप्टर थेट भिंतीतल्या सॉकेटमध्ये लावा, चार्जर लांब हलवा. घरात तीन फेज असतील, तर दोन्ही सॉकेट एकाच फेजवर आहेत का, हे इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्या.

'मेश वायफाय (घरभर ठेवलेली, एकमेकांशी बिनतारी बोलणारी वायफाय युनिट) का नाही सुचवलं?' असंही विचारलंत. जाड भिंतीमुळे वायफाय मरत असेल, तर दोन मेश युनिटमधला दुवाही त्याच भिंतीतून जाणार. इथरनेट केबल ओढता येत असेल तर बाकी सगळं सोडून तीच ओढा, लेखातही तिलाच पहिलं स्थान दिलंय.

आता एक करा. दोन्ही अडॅप्टर राउटरच्याच खोलीत, दोन भिंतींतल्या सॉकेटमध्ये लावून वेग मोजा, मग एक मागच्या खोलीत नेऊन संध्याकाळी मोजा. दोन्ही आकडे इथे कळवा. जवळ चांगला वेग आणि लांब तरीही ४० च, असं निघालं तर अडॅप्टर खुशाल परत करा. तुमच्या वायरिंगला ते मानवत नाहीत.