‘इथले’ कोण आणि ‘बाहेरचे’ कोण? फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

व्हॉट्सॲपवर एक मजकूर गटागटांतून फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: भारताचा धर्म एकच. ख्रिस्ती धर्म इंग्रजांनी आणला, इस्लाम फक्त तलवारीच्या जोरावर आला, पारशी आणि ज्यू हे नुसते पाहुणे, शीख-जैन-बौद्धांना संविधानच हिंदू म्हणतं आणि आदिवासींना वेगळा धर्म नाहीच. ज्यांच्याबद्दल हे लिहिलंय ती माणसं आपल्या गावात, आपल्या शेजारी राहतात. त्यांना परकं ठरवणारा मजकूर खोट्या आधारावर उभा असेल, तर गप्प बसणं मला पटत नाही.

सगळ्यात कच्चा मुद्दा इंग्रजांचा. ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना 1600 सालची. केरळात कोल्लमच्या चर्चला वेणाडचा अधिपती अय्यन अडिगळ याने जमीन आणि व्यापाराच्या सवलती दिल्या, तो ताम्रपट 849 सालचा आहे. म्हणजे कंपनीच्या साडेसातशे वर्षं आधी इथे चर्च होतं आणि इथल्या राज्यकर्त्याने त्याला दान दिलं होतं. त्या ताम्रपटावर साक्षीदारांच्या सह्या आहेत: काही अरबी लिपीत, काही पहलवी या जुन्या इराणी लिपीत, काही हिब्रू लिपीत. दान हिंदू राज्यकर्त्याचं, देवालय ख्रिस्त्यांचं आणि साक्षीला अरब, इराणी, ज्यू व्यापारी. उलट कंपनीने आपल्या मुलखात मिशनऱ्यांना 1813 पर्यंत मोकळीक दिली नव्हती. गोव्यात पोर्तुगीजांनी धर्माच्या नावाने जुलूम केला, हे खरं आहे आणि ते लपवायचं कारण नाही. पण त्याच पोर्तुगीजांनी 1599 च्या उदयम्पेरूरच्या धर्मसभेनंतर केरळातल्या जुन्या ख्रिस्त्यांचे ग्रंथही जाळले, हेही तितकंच खरं.

इस्लामचा मुद्दा जरा सावकाश बघू. सिंधवर 712 मध्ये स्वारी झाली, अलाउद्दीन खिलजी 1296 मध्ये देवगिरीवर चालून आला. हा इतिहास कुणी नाकारत नाही. आक्षेप आहे तो ‘फक्त’ या शब्दाला. खिलजीच्या पावणेचारशे वर्षं आधी अल्-मसूदी हा अरब प्रवासी आपल्या कोकणात चौलला आला होता. तिथे सुमारे दहा हजार मुसलमान राहत असल्याचं त्याने लिहून ठेवलंय. तेव्हा राज्य राष्ट्रकूटांचं होतं.

त्याच काळातला एक पुरावा तर पालघर जिल्ह्यात चिंचणीला सापडला. शके 848, म्हणजे इसवी सन 926 चा संस्कृत ताम्रपट. राष्ट्रकूट राजा तिसरा इंद्र याच्या वतीने संजाणचा कारभार तेव्हा एक अरब अधिकारी पाहत होता. नाव मुहम्मद, ताम्रपटात ते ‘मधुमती’ असं येतं. त्याने नदी ओलांडायला फुकट तरीची सोय केली, अन्नछत्र घातलं. तिथे भात, कालवण आणि तूप मोफत मिळे. आणि देवीच्या मठाला जमिनीचं दान दिलं तेही त्यानेच, राजाच्या संमतीने. कोकणातल्या मुसलमानांना ‘परत जा’ म्हणणाऱ्यांनी हा ताम्रपट एकदा वाचावा.

पाहुण्यांचं म्हणाल, तर बेने इस्रायली ज्यू रायगडच्या खेड्यांत शेकडो वर्षं तेलाचे घाणे चालवत होते. शनिवारी घाणा बंद, म्हणून गाव त्यांना शनवार तेली म्हणे. आडनावं दिवेकर, पेणकर, नवगावकर. एलियाहू हनाबीचा, म्हणजे प्रेषित एलियाचा, नवस फेडताना ताटात पोहे, ओलं खोबरं आणि फळं असतात, त्याला ते मलिदा म्हणतात. बायबलमधल्या कथांवर ते मराठीत कीर्तनंही करत. मुंबईतलं त्यांचं पहिलं प्रार्थनामंदिर 1796 चं. महाराष्ट्र सरकारने त्यांना 2016 मध्ये अल्पसंख्याक दर्जा दिला. पारशांचा पवित्र इराणशाह अग्नी उदवाड्याला 1742 पासून तेवतोय. इतक्या पिढ्यांनंतर पाहुणे म्हणायचं कुणाला?

आता संविधान. हा मुद्दा बऱ्याच सुशिक्षितांनाही खरा वाटतो. अनुच्छेद 25 च्या दुसऱ्या स्पष्टीकरणात ‘हिंदू’ या उल्लेखात शीख, जैन आणि बौद्ध येतात असं म्हटलंय, पण ते खंड 2 च्या फक्त एका उपखंडापुरतं: सार्वजनिक स्वरूपाच्या हिंदू धर्मसंस्था सर्व वर्गांना खुल्या करणं आणि समाजसुधारणा. त्याच्याच लगेच वर, पहिल्या स्पष्टीकरणात, कृपाण बाळगणं हा ‘शीख धर्म’ प्रकट करण्याचाच भाग मानलाय. एकाच अनुच्छेदातली एक ओळ घ्यायची आणि वरची सोडायची, याला वाचन म्हणत नाहीत. केंद्राने शीख आणि बौद्धांना 1993 मध्ये, जैनांना 2014 मध्ये अल्पसंख्याक म्हणून अधिसूचित केलंय. आणि 1956 ला नागपुरात बाबासाहेबांबरोबर लाखोंनी जी दीक्षा घेतली, ती धर्म बदलण्यासाठीच घेतली होती. बावीस प्रतिज्ञा वाचल्यावर त्याबद्दल शंका राहत नाही.

राहिले आदिवासी. हिंदू विवाह कायदा 1955 चा. त्याच्या कलम 2 प्रमाणे केंद्राने वेगळी अधिसूचना काढल्याशिवाय तो अनुसूचित जमातींना लागू होत नाही. गोंदिया जिल्ह्यात कचारगडला माघ पौर्णिमेला गोंड बांधव कोयापुनेमची, म्हणजे आपल्या गोंडी धर्माची, यात्रा भरवतात, त्याचा संस्थापक पारी कुपार लिंगो याला मानतात. अरुणाचलात सूर्य-चंद्राला मानणारा दोन्यी-पोलो धर्म आहे, मेघालयात खासींचा पारंपरिक धर्म जपणारी सेंग खासी ही संघटना 1899 पासून आहे. आपण हिंदू आहोत किंवा ख्रिस्ती आहोत, असं सांगणारे आदिवासीही पुष्कळ आहेत आणि तो त्यांचा अधिकार आहे. पण 2011 च्या जनगणनेत स्वतंत्र रकाना नसतानाही सुमारे 49 लाख लोकांनी ‘इतर’मध्ये आपला धर्म ‘सरना’ (झारखंड आणि आसपासच्या आदिवासींचा निसर्गपूजक धर्म) असा सांगून नोंदवून घेतला. जैनांची एकूण संख्या त्या वेळी 45 लाखांच्या आसपास होती. झारखंड विधानसभेने नोव्हेंबर 2020 मध्ये स्वतंत्र नोंदीच्या मागणीचा ठराव केला, आणि ती मागणी अजून उभी आहे.